विश्लेषण : ‘मिलिटरी डिस्पोजल’चे जॅकेट खरे की नकली? ओळखावे कसे, वापरावे कसे आणि कायदा काय सांगतो?

थंडी वाढली की आठवडी बाजारात आणि शहरांतील फुटपाथवर हिरव्या, खाकी, ठिपक्याठिपक्यांच्या जॅकेटचे ढीग लागतात. ‘ओरिजिनल मिलिटरी’ हा शब्द ऐकून हात आपोआप खिशाकडे जातो. पण त्यातील किती कपडे खरोखर सैन्यातून आलेले असतात? ते घालणे गुन्हा आहे का? आणि वीस-तीस वर्षे जुना कपडा शेतात, जंगलात वापरणे कितपत सुरक्षित?

थोडक्यात

- बाजारात ‘मिलिटरी’ म्हणून विकला जाणारा बराचसा माल सैन्यातून आलेलाच नसतो.
- खरा माल ओळखण्याची पहिली जागा म्हणजे आतले लेबल. त्यावरील आकडे देश आणि वर्ष सांगतात.
- सैनिक असल्याचा समज व्हावा या हेतूने गणवेश घालणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार गुन्हा आहे.
- जुन्या कपड्याचे कापड टिकते. पण त्यावरचा जलरोधक थर आणि बुटाचा तळ टिकेलच असे नाही.
- कीटकनाशक फवारणीसाठी असे जॅकेट वापरणे धोक्याचे आहे.

दिघोरीत हा प्रश्न का महत्त्वाचा?

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी (मोठी) हा धानाचा पट्टा. कापणीनंतर धान खळ्यावर येते आणि राखणीसाठी रात्र शेतात काढावी लागते. रब्बीत कृषिपंपाची वीज रात्री आली, तर थंडीत ओलितही रात्रीच करावे लागते. पहाटे रस्त्यावर सैन्य आणि पोलीस भरतीची तयारी करणारी मुले धावत असतात. राखणीला जाणाऱ्याला उबदार, जाड आणि स्वस्त कपडा हवा असतो. भरतीच्या मुलांना ‘आर्मी’ची छाप हवी असते. डिस्पोजलचे जॅकेट या दोन्ही गरजा भागवते.

आसपासचा भूगोलही या कपड्यांशी जोडलेला आहे. नागपूरजवळच्या कामठीत ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचे रेजिमेंटल केंद्र आहे. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, तर वर्धा जिल्ह्यात पुलगावला मध्यवर्ती दारूगोळा भांडार. त्यामुळे ‘कामठीचा माल आहे’ असे विक्रेत्याने सांगितले की ग्राहकाला ते सहज पटते. दुसरीकडे वैनगंगा ओलांडली की देसाईगंज (वडसा), म्हणजे गडचिरोली जिल्हा लागतो. तिथे वर्षानुवर्षे हिरवा गणवेश म्हणजे एकतर सुरक्षा दल, नाहीतर माओवादी असा अर्थ राहिला आहे. तोच हिरवा कोट पुण्यातल्या ट्रेकरच्या अंगावर फॅशन ठरतो. इथे त्याला वेगळा अर्थ चिकटतो.

आताच चर्चा का?

भारतीय लष्कराचे कपडे गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलले. १५ जानेवारी २०२२ रोजी सेना दिनाच्या संचलनात डिजिटल छपाईचा नवा लढाऊ गणवेश पहिल्यांदा दिसला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेच्या (निफ्ट) मदतीने तो तयार झाला. त्याच वर्षी लष्कराने या नमुन्याची कोलकात्यातील पेटंट, डिझाइन व ट्रेडमार्क महानियंत्रकांकडे नोंदणी करून हक्क मिळवले. पहिल्या टप्प्यात ५० हजार संच कॅन्टीन स्टोअर्स विभागाच्या १५ डेपोंना देण्यात आले. त्यात मुंबई आणि खडकी होते. त्यानंतर जवान आणि कनिष्ठ अधिकाऱ्यांसाठी ११.७० लाख संचांच्या खरेदीची प्रक्रिया जाहीर झाली.

पाठोपाठ हिवाळी कोटाची पाळी आली. डिजिटल छपाईच्या तीन थरांच्या नव्या ‘कोट कॉम्बॅट’चा नमुना फेब्रुवारी २०२५ मध्ये नोंदवण्यात आला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लष्कराने त्याची माहिती जाहीर केली. बाहेरचा छपाईचा थर, मधला उब धरणारा जॅकेटचा थर आणि आतला थर्मल थर अशी त्याची रचना आहे.

नवा नमुना आला की जुना बाद होतो. म्हणजेच जुन्या नमुन्याचे कोट, पँट, जॅकेट हळूहळू वापरातून बाहेर पडणार आणि त्यांच्या नावावर नकली मालही खपवला जाण्याची शक्यता आहे. म्हणून खरे-खोटे ओळखण्याचा प्रश्न पुढची काही वर्षे तरी राहणार आहे.

‘डिस्पोजल’ हा शब्द आला कुठून?

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा भारतात ब्रिटिश आणि अमेरिकी सैन्याचा प्रचंड माल पडून होता. जीपगाड्या, तंबू, ब्लँकेट, कोट, बूट, पाण्याच्या बाटल्या असा हा सगळा माल सरकारी यंत्रणेमार्फत विकला गेला. ‘डिस्पोजल’ हा शब्द तेव्हापासून लोकांच्या तोंडी बसला. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या खरेदी खात्याच्या नावातही तो होता : पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय, म्हणजे डीजीएस अँड डी. ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी हे खाते बंद झाले. त्याच्या खरेदीच्या कामाची जागा ‘जेम’ या सरकारी ई-बाजारपेठेने घेतली.

आज लष्करात एखादी वस्तू वापरण्याजोगी राहिली नाही की ती ‘कंडेम’ ठरवली जाते. संरक्षण खात्याच्या बाद आणि भंगार मालाचे लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून होतात. लिलावात माल घेणारे ठोक व्यापारी तो पुढे सुटा करून विकतात. म्हणजे खऱ्या डिस्पोजलच्या मालामागे कुठेतरी लिलावाचा कागद असतो. फुटपाथवरच्या विक्रेत्याकडे तो नसेल. पण स्वतःला डिस्पोजलचा व्यापारी म्हणवणाऱ्याकडे तो असायला हवा.

बाजारातला माल नेमका कोणता?

ढिगाऱ्यात साधारण तीन प्रकारचे कपडे मिसळलेले असतात.

*पहिला, देशी डिस्पोजल.* लष्कर, निमलष्करी दले यांच्याकडून बाद झालेला माल. यात लोकरी जर्सी, अंगोला शर्ट, ग्रेटकोट, पारका कोट, ग्राउंडशीट, किट बॅग, ब्लँकेट असे प्रकार येतात. यातील कितीतरी कपडे सरकारी कारखान्यांत शिवलेले असतात. १९१४ पासूनचा शहाजहानपूरचा कारखाना, चेन्नईजवळचा अवाडीचा कारखाना, कानपूर आणि हजरतपूर येथील कारखाने १ ऑक्टोबर २०२१ पासून ‘ट्रूप कम्फर्ट्स लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आहेत.

*दुसरा, परदेशी डिस्पोजल.* अमेरिका, जर्मनी, ब्रिटन यांच्या सैन्याचे जुने कपडे. वापरलेल्या कपड्यांच्या आयातीवर भारतात निर्बंध असून त्यासाठी परवाना लागतो. कापून निकामी केलेल्या चिंध्या मात्र धागा बनवण्यासाठी येतात. गुजरातमधील कांडला येथे अशा कपड्यांची वर्गवारी होते आणि हरियाणातील पानिपत लोकरीच्या चिंध्यांपासून धागा व ब्लँकेट बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे. या प्रवासात गाठोड्यांतून निघालेले धडके कपडे बाजारात दिसतात.

*तिसरा, बाजारी नक्कल.* हा प्रकार सर्वत्र दिसतो आणि त्यामागे एक साधे कारण आहे. नवा गणवेश येईपर्यंत जवान आणि अधिकारी छावणीजवळच्या दुकानांतून कापड व तयार गणवेश सर्रास विकत घेत. त्यामुळे लष्करी नमुन्याचे कापड बनवणारे आणि शिवणारे खासगी उत्पादक कित्येक शहरांत उभे राहिले. तेच कापड ट्रेकर, सुरक्षारक्षक, भरतीची मुले अशा सगळ्यांना विकले गेले. असा कपडा वाईट असतोच असे नाही; पण तो ‘डिस्पोजल’ नव्हे, आणि त्याला डिस्पोजलचा भाव देण्याचे कारण नाही.

हिवाळ्यात विदर्भात स्वेटर विकणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांच्या मालाशीही याची गल्लत केली जाते. दिघोरीच्या पूर्वेला गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग ही वसाहत आहे. तिबेटी बाजारातला लोकरी माल हा मुख्यतः नवा, नागरी वापराचा असतो. त्याचा लष्करी डिस्पोजलशी संबंध नाही.

लेबल कसे वाचावे?

कपडा उलटा करून मान, आतला खिसा किंवा बाजूची शिवण पाहावी. लष्करी कपड्यावर सहसा कंपनीची मोठी जाहिरात नसते. माप, वर्ष, कारखाना किंवा कंत्राट क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक असतो.

- १३ अंकी क्रमांक : ‘नाटो स्टॉक नंबर’ची पद्धत अनेक देश वापरतात. पहिले चार अंक वस्तूचा वर्ग सांगतात. ८४०५ म्हणजे पुरुषांचे बाहेर घालायचे कपडे, ८४१५ म्हणजे खास कामाचे कपडे, ८४३० म्हणजे पुरुषांची पादत्राणे. त्यापुढचे दोन अंक देशाचे : ०० किंवा ०१ अमेरिका, १२ जर्मनी, १४ फ्रान्स, १५ इटली, ९९ ब्रिटन आणि ७२ भारत.
- ११ अंकी क्रमांक : देशाचे दोन अंक नसतील, तर तो अमेरिकी कपडा १९७० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा असण्याची शक्यता मोठी.
- अमेरिकी कंत्राट क्रमांक : ‘डीएसए १००’ नंतर ‘६७’ असेल तर ते कंत्राट १९६७ या आर्थिक वर्षाचे. १९७७ नंतर ‘डीएसए’ऐवजी ‘डीएलए’ ही अक्षरे येतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळातील प्रसिद्ध एम-६५ जॅकेटची वये अशीच ठरवली जातात.
- बाणाचे टोक : ब्रिटिश सरकारी मालावर तीन रेघांचे बाणाचे टोक छापलेले असते. त्याखाली इंग्रजी ‘आय’ असेल, तर तो ब्रिटिशकालीन भारत सरकारचा माल. जुन्या ब्लँकेटवर, पाण्याच्या बाटलीवर, चामड्याच्या पट्ट्यावर ही खूण सापडते.
- बाहीवरचा झेंडा : जर्मन सैन्याच्या पारका कोटाच्या बाहीवर काळा-लाल-पिवळा छोटा झेंडा शिवलेला असतो. पण तो वेगळा विकतही मिळतो. म्हणून केवळ झेंड्यावर विसंबू नये.

लेबल आहे म्हणजे माल खरा, असेही नाही. नकली माल करणारे लेबलही छापतात. एकाच ढिगातील दहा जॅकेटवर एकच वर्ष, एकच क्रमांक आणि कोरेकरकरीत लेबल दिसले तर संशय घ्यावा. खऱ्या जुन्या मालात मापे, वर्षे आणि झीज वेगवेगळी असते.

कापड आणि शिवण काय सांगतात?

लेबल कापलेले असेल तर हात आणि डोळे वापरावेत.

खिशाचे कोपरे, काखेचा भाग, पट्ट्याचे बंद अशा ताण पडणाऱ्या जागी खऱ्या मालात दाट टाक्यांची आडवी गाठ असते आणि मुख्य शिवण दुहेरी असते. नकली जॅकेटमध्ये खिशाचे आतले कापड पातळ असते. जुन्या परदेशी मालाची चेन धातूची आणि जाड दातांची असते; ती वर-खाली करताना अडखळली तर बदलण्याचा खर्च धरूनच भाव करावा.

कापड कोणते, हे ठरवण्याची जुनी रीत म्हणजे धागा जाळून पाहणे. आतल्या शिवणीतून एक सुटा धागा काढून, कपड्यापासून दूर, चिमट्यात धरून काडी लावावी. सुती धागा कागदासारख्या वासाने जळतो आणि भुरभुरीत राख सोडतो. लोकर जळक्या केसांचा वास देते आणि ज्योत काढली की विझत जाते. नायलॉन, पॉलिस्टर आक्रसतात, वितळतात आणि टोकाला कडक मणी उरतो. ‘शुद्ध लोकर’ म्हणून विकलेल्या ब्लँकेटच्या धाग्याला मणी आला, तर त्यात कृत्रिम धागा मिसळलेला आहे.

हीच चाचणी सुरक्षेचाही धडा देते. नायलॉन साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळते आणि वितळलेले थेंब कातडीला चिकटतात. शेकोटीजवळ बसणाऱ्यासाठी म्हणूनच जुना लोकरी ग्रेटकोट हा चकचकीत नायलॉन जॅकेटपेक्षा सुरक्षित ठरतो. लोकर सहज पेट घेत नाही.

जुने ते टिकाऊ, हे कितपत खरे?

अर्धेच खरे. जाड सुती कापड, लोकर, कॅनव्हास नीट ठेवले तर दशकानुदशके टिकतात. प्रश्न येतो तो कापडावर चढवलेल्या थरांचा.

पाणी आत येऊ नये म्हणून अनेक जॅकेट आणि ग्राउंडशीटना आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. हवेतील आर्द्रता हळूहळू त्याच्या रासायनिक साखळ्या तोडते. याला जलविघटन म्हणतात. कपडा एकदाही वापरला नाही तरी ही क्रिया थांबत नाही. उलट पावसाळी, दमट हवेत बंद गाठोड्यात ती वाढते. थर चिकट होतो, आंबूस वास येतो, पापुद्रे सुटतात. असा थर एकदा बिघडला की धुऊन किंवा फवारा मारून परत येत नाही.

बुटांची गोष्टही हीच. पॉलियुरेथेनचा तळ असलेला बूट वर्षानुवर्षे पडून राहिला, तर वरून नवाकोरा दिसतो आणि चार दिवस चालल्यावर तळ भुसभुशीत होऊन गळतो. विकत घेण्याआधी तळ नखाने दाबावा आणि बूट मधोमध वाकवून पाहावा. भेगा दिसल्या, भुकटी निघाली तर तो घेऊ नये. रबराचा घट्ट तळ असलेला चामडी बूट अधिक भरवशाचा.

नामांकित कपड्यांच्या टिकाऊपणाची मर्यादा लष्करालाही माहीत आहे. उंच बर्फाळ भागातील जवानांच्या कपड्यांबाबतचा महालेखापालांचा अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेत मांडला गेला. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात बहुउद्देशीय बूट नव्याने मिळाले नाहीत आणि असलेलेच दुरुस्त करून वापरावे लागले, याची नोंद त्यात आहे. विशेष कपड्यांच्या खरेदीतील विलंबावरही त्यात बोट ठेवले होते. म्हणजे ‘मिलिटरीचे आहे, कायम टिकेल’ हे गृहीतक खुद्द सैन्यातही चालत नाही.

एकच जाड जॅकेट पुरते का?

थंडीचे कपडे जाडीने नव्हे, थरांनी काम करतात. आतला थर घाम शोषून बाहेर टाकतो, मधला हवा अडकवून उब धरतो, बाहेरचा वारा आणि पाणी अडवतो. डीआरडीओने विकसित केलेली अतिथंड हवामानातील कपड्यांची तीन थरांची रचना याच तत्त्वावर आहे. तिचे तंत्रज्ञान डिसेंबर २०२१ मध्ये पाच भारतीय कंपन्यांना देण्यात आले. अधिक १५ ते उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंतचा पल्ला तिने गाठावा, असे अपेक्षित आहे.

भंडाऱ्याची थंडी तेवढी नसते. उणे तापमानासाठी केलेले जाड पारका घालून ओलित केले तर घामाने आतले कपडे भिजतात आणि काम थांबताच हुडहुडी भरते. दिघोरीच्या शेतासाठी सुती बनियन, त्यावर लोकरी जर्सी आणि वर वारा अडवणारे साधे जॅकेट ही जोडी पुरेशी आहे. यातील जर्सी आणि जॅकेट दोन्ही डिस्पोजलमध्ये मिळू शकतात.

कायदा काय सांगतो?

इथेच सर्वाधिक गैरसमज आहेत.

- भारतीय न्याय संहिता, कलम १६८ : सैनिक, नौसैनिक किंवा हवाई सैनिक नसताना, आपण तसे आहोत असा समज व्हावा या हेतूने तसा पोशाख घालणे किंवा खूण बाळगणे हा गुन्हा आहे. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. १ जुलै २०२४ पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम १४० मध्ये होती. तेव्हा दंडाची मर्यादा ५०० रुपये होती.
- कलम २०५ : फसवणुकीच्या हेतूने लोकसेवकाचा पोशाख किंवा खूण वापरणे. पोलिसांची खाकी यात येते. यात दंड पाच हजार रुपयांपर्यंत आहे.
- राजचिन्ह कायदा, २००५ : अशोकस्तंभाच्या चिन्हाच्या गैरवापरासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. अधिकाऱ्यांच्या काही बटणांवर आणि पदचिन्हांवर हे चिन्ह असते, हे लक्षात ठेवावे.
- डिझाइन कायदा, २००० : नोंदणीकृत नमुन्याची नक्कल करून विकणाऱ्यावर दिवाणी कारवाई होते. नमुन्याचे संरक्षण सुरुवातीला दहा वर्षे असते आणि ते आणखी पाच वर्षे वाढवता येते.
- लष्कर कायदा, १९५० : जवानाला वापरासाठी दिलेले सरकारी कपडे परस्पर विकणे हा त्याच्यासाठी गुन्हा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाराही फौजदारी कायद्यात सापडतो.

कलम १६८ मधील कळीचा शब्द ‘हेतू’ हा आहे. चिन्हे नसलेले हिरवे जुने जॅकेट घालून शेतात जाणे म्हणजे आपोआप गुन्हा नव्हे. पण त्याच जॅकेटवर पदचिन्ह, युनिटची खूण, नावाची पट्टी लावून टोल चुकवणे, भरतीच्या मुलांकडून पैसे घेणे, ‘मी फौजी आहे’ म्हणून गाडी विकणे, यातून हेतू उघड होतो.

हेतू साफ असला तरी पोलीस चौकशी करू शकतात, आणि त्यामागे कारण आहे. जुलै २०१५ मध्ये गुरदासपूर आणि जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोट हवाई तळावर हल्ला करणारे दहशतवादी लष्करी गणवेशात होते. पठाणकोटनंतर लष्कराने नागरिकांना असे कपडे न घालण्याचे आणि दुकानदारांना ते न विकण्याचे आवाहन केले. परदेशी जाणाऱ्यांनीही सावध राहावे : बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद अशा कॅरिबियन देशांत नागरिकांना छलावरणाच्या नमुन्याचे, म्हणजे आसपासच्या रंगांत मिसळून जाणारे कपडे घालण्यास बंदी आहे.

शेत-जंगलात कोणती काळजी घ्यावी?

दिसणे महत्त्वाचे. असा नमुना माणूस दिसू नये म्हणूनच तयार केलेला असतो. मोहफुले, तेंदूपाने, सरपण यासाठी जंगलात जाणाऱ्याला मात्र सोबत्यांना दिसणे गरजेचे असते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात जेरबंद केलेल्या सीटी-१ वाघाच्या नावावर १३ मृत्यू नोंदले गेले. त्यात भंडारा जिल्ह्यातीलही होते. कुणी हाक दिल्यावर न आल्यास शोधणाऱ्यांना हिरवा-तपकिरी कपडा झुडपात दिसत नाही. रात्री सायकलने किंवा पायी रस्त्याने परतणारा वाहनचालकालाही दिसत नाही. असे जॅकेट असेलच, तर त्यावर नारिंगी किंवा चमकणाऱ्या पट्टीचे बिनबाह्यांचे जाकीट घालावे.

गडचिरोलीच्या बाजूला जाताना अंगावर पूर्ण हिरवा किंवा ठिपक्यांचा पोशाख टाळावा. दुरून पाहणाऱ्याला हेतू दिसत नाही, कपडा दिसतो.

फवारणीला अजिबात नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी, शेतमजुरांचा बळी गेला. जाड लष्करी कोट अंगावर असला की संरक्षण झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात सुती आणि लोकरी कापड औषध शोषून घेते आणि कातडीशी धरून ठेवते. तोच कोट रात्री पांघरला जातो, तेव्हा धोका घरात येतो. कोळशाच्या भुकटीचा काळा थर असलेले जुने रासायनिक युद्धाचे सूटही फवारणीसाठी घेऊ नयेत. त्यांचे आयुष्य संपलेले असते आणि ते या कामासाठी बनलेलेही नसतात.

पुनर्वापर कसा करावा?

१. आधी चिन्हे काढावीत. पदचिन्हे, युनिटच्या खुणा, नावाची पट्टी, अशोकस्तंभाची बटणे उसवून साधी बटणे लावावीत. उसवलेली चिन्हे विकू नयेत.

२. मग स्वच्छता. कपडा घरात नेण्याआधी झटकून एक-दोन दिवस कडक उन्हात उलटा वाळवावा. सुती कपडा साध्या साबणाने धुवावा. लोकर गार पाण्यात, रिठ्याने किंवा सौम्य साबणाने, न पिळता धुवून सावलीत सपाट वाळवावी. गरम पाण्याने ती आटते. जलरोधक जॅकेटला ब्लीच आणि कपडे मऊ करणारे द्रव लावू नये. मेणाचा थर असलेले कॅनव्हास यंत्रात घालू नये, ओल्या फडक्याने पुसावे.

३. दुरुस्ती. चेन, बटणे, कोपरे गावातला शिंपी सहज बदलू शकतो. रंग बदलायचा असेल तर सुती कापडावरच प्रयोग करावा. पॉलिस्टर घरगुती रंग धरत नाही.

४. रूपांतर. बाह्या फाटलेल्या ग्रेटकोटचे बिनबाह्यांचे जाकीट होते. कॅनव्हासची पिशवी, सायकलचा झोळा, बैलगाडीवरचे आच्छादन होते. लोकरी ब्लँकेटचे तुकडे गोधडीच्या आत घालता येतात. थर गेलेले ग्राउंडशीट धानाच्या पोत्यांखाली अंथरायला चालते. पाऊस अडवायला वरून चालत नाही.

५. साठवण. पावसाळ्याआधी लोकरीचे कपडे पूर्ण वाळवून, कडुलिंबाचा सुकलेला पाला किंवा डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवावेत. जलरोधक जॅकेट घट्ट घडी करून ठेवू नये, टांगून ठेवावे.

ट्रंकेतला जुना गणवेश असेल तर?

विदर्भात सैन्यसेवेची परंपरा जुनी आहे. महार रेजिमेंटची पहिली बटालियन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला आणि दुसरी कामठीला उभी राहिली. त्यामुळे एखाद्या घरातील ट्रंकेत आजोबांचा कोट, पट्टा किंवा ब्लँकेट असू शकते. अशी वस्तू कापण्याआधी किंवा भंगारात देण्याआधी लेबल, खूण, नाव-क्रमांक यांचे फोटो काढून ठेवावेत. सेवेची कागदपत्रे हरवलेल्या कुटुंबाला कपड्यावर लिहिलेला सैनिक क्रमांक हाच पुढच्या शोधाचा धागा ठरू शकतो. पदकांना वेगळे, कोरडे ठेवावे. ती कपड्याबरोबर विकली जाऊ नयेत.

घेण्याआधी दोन मिनिटांत काय पाहावे?

- आतले लेबल, वर्ष आणि क्रमांक.
- आतला थर चिकट आहे का, वास येतो का.
- शिवणीजवळ कापड दोन्ही हातांनी ताणून : चर्रकन फाटले तर आतून कुजलेले आहे.
- चेन, बटणे, खिशांचे कोपरे.
- बुटाचा तळ नखाने दाबून.
- चिन्हे काढता येण्यासारखी आहेत का.
- आणि मोठी खरेदी असेल तर व्यापाऱ्याकडे बिल.

नवे गणवेश आता कॅन्टीन आणि लष्करी पुरवठ्यातूनच मिळणार असल्याने खऱ्या मालाचा खुल्या बाजाराकडे येणारा रस्ता अरुंद होत जाईल. नक्कल मात्र राहील. नव्या डिजिटल नमुन्याचे जॅकेट बाजारात ‘डिस्पोजल’ म्हणून कुणी विकत असेल, तर पहिला प्रश्न हाच विचारावा : जो कपडा सैन्याने नुकताच वापरायला घेतला, तो इतक्यात बाद कसा झाला? उत्तर मिळत नसेल, तर बाजूचा साधा लोकरी स्वेटर घेतलेला बरा. राखणीच्या रात्री उब तोही देतो.